पन्नासची लेन्स क्रॉप बॉडीवर पंचाहत्तरची होते का? : फोटोग्राफी, वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेली बरीचशी पत्रं फिरून फिरून एकाच जागी येतायत, फोकल लेंथ (लेन्सवरचा एमएमचा आकडा) आणि अँगल ऑफ व्ह्यू (फोटोत किती रुंद कोन दिसतो ते). म्हणून फ्लॅश आणि एडिटिंगचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवले आणि आज हेच घेतो.

प्रश्न : सर, मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, साखरपुडा, बारसं, डोहाळजेवण अशा छोट्या ऑर्डरी घेतो. माझ्याकडं क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि ५० एमएम प्राइम (झूम नसलेली लेन्स) आहे. परवा मित्राच्या फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) तीच लेन्स लावली तर त्याच जागेवरून बरंच जास्त दिसायला लागलं. रंकाळ्यावर बसून यावरून जोरात वाद झाला, एकजण म्हणतोय क्रॉपवर ५० चं ७५ होतंय, दुसरा म्हणतोय ५० ते ५० च. कोण बरोबर?

उत्तर : दुसरा बरोबर. पण पहिल्याला जे दिसतंय तेही खरंच आहे, फक्त सेन्सरमुळं, म्हणजे लेन्सच्या मागं फोटो टिपणाऱ्या चिपमुळं, झालेला फरक तो लेन्सच्या नावावर टाकतोय.

हे नीट बघू. तुमच्यापासून १० मीटरवर १७० सेंटीमीटर उंचीचा माणूस उभा आहे असं समजा. ५० एमएमची लेन्स त्याची प्रतिमा आत पाडते ती साधारण साडेआठ मिलिमीटर उंच. बॉडी कुठलीही लावा, साडेआठच, कारण लेन्सच्या काचांना मागं कुठला सेन्सर बसलाय ते कळत नाही. फोकल लेंथ म्हणजे एवढंच, लांबची वस्तू आत केवढी पडणार ते. आता फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे आडव्या फोटोत तुमचा माणूस उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा दिसतो. क्रॉप सेन्सर निकॉन-सोनीचा साधारण २३.५ बाय १५.६, तिथं तोच साडेआठ मिलिमीटरचा माणूस निम्म्याहून जास्त फ्रेम खातो. मग दोन्ही फोटो मोबाइलवर एकाच साइजला बघितले की क्रॉपवाला जवळ आल्यासारखा वाटतो. लेन्स आत भाकरीसारखी गोल प्रतिमा पाडते आणि सेन्सर त्यातला मधला चौकोन तेवढा उचलतो, चौकोन लहान घेतला म्हणून भाकरी लहान होत नाही.

अँगल ऑफ व्ह्यू मात्र लेन्स आणि सेन्सर दोघं मिळून ठरवतात. ५० एमएम फुल फ्रेमवर आडवा जवळजवळ ४० अंश बघते, क्रॉपवर २६ च्या आसपास. फुल फ्रेमवर ७५ एमएम लावली तर २७ अंश मिळतात, म्हणून क्रॉपवर ५० ही '७५ सारखी' (५० गुणिले दीड) दिसते असं म्हणायची पद्धत पडली. कॅननच्या क्रॉप सेन्सरची रुंदी अजून थोडी कमी, साधारण २२.३, तिथं दीडच्या ऐवजी १.६ नं गुणायचं, म्हणजे ८० सारखी. एक लक्षात ठेवा, कंपनीच्या माहितीपत्रकात जो अँगल छापलेला असतो तो बहुतेक वेळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा असतो. ५० एमएमला तिथं ४६-४७ अंश लिहिलेलं दिसेल आणि तुमचा हिशोब ४० येईल, दोन्ही बरोबरच आहेत.

पण खरं सांगू का, ऑर्डर घेताना अंशांचा काही उपयोग होत नाही, तुम्हाला समोरचं किती बसणार ते पाहिजे असतं. त्याचा हिशोब सोपा आहे आणि तो मी प्रत्येक नव्या पोराला पाठ करायला लावतो : अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले फोकल लेंथ. पेठेतल्या जुन्या घरात सोप्यात (पुढच्या खोलीत) साखरपुडा आहे, तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आणि पाटावर बसलेली जोडी साडेतीन मीटरवर. तुमच्या क्रॉपवर ५० नं फ्रेममध्ये बसणार फक्त १ मीटर ६५ सेंटीमीटर रुंदी, म्हणजे नवरानवरी कसेबसे बसतील आणि शेजारचे आईवडील बाहेर. मित्राच्या फुल फ्रेमवर अडीच मीटर. किट लेन्सच्या (कॅमेऱ्यासोबत मिळते ती १८-५५) १८ ला तुमच्याच बॉडीवर साडेचार मीटर, तिथं सगळं घर येतं. ऑर्डर घ्यायच्या आधी घर बघायला जाताच, तेव्हा पावलांनी अंतर मोजून या आणि हा भागाकार करा, ऐनवेळी पाव्हण्यांना सरका सरका म्हणायची वेळ येत नाही.

प्रश्न : माझ्या १८-५५ लेन्सवर 'क्रॉप सेन्सरसाठी' असं आहे. मग त्यावरचे आकडे आधीच गुणून लिहिलेत का? दुकानात विचारलं तर दोघांनी दोन उत्तरं दिली.

उत्तर : नाही, गुणलेले नाहीत. १८ म्हणजे खरे १८, ५५ म्हणजे खरे ५५. 'क्रॉपसाठी' म्हणजे ती आत पाडते ती गोल प्रतिमा लहान आहे, क्रॉप सेन्सर झाकण्यापुरती, त्यामुळं लेन्स हलकी आणि स्वस्त बनवता येते. तुमची ही लेन्स ५० ला फिरवली आणि शेजारी फुल फ्रेमसाठी बनलेली ५० ठेवली, तर तुमच्या बॉडीवर दोन्हीतून दिसणारं दृश्य सारखंच. पुढं फुल फ्रेम घ्यायचा विचार असेल तर मात्र ही लेन्स उपयोगी पडेल असं धरून चालू नका. निकॉन आणि सोनीच्या फुल फ्रेम बॉडी अशी लेन्स ओळखून आपोआप मधला भागच वापरतात आणि मेगापिक्सल निम्म्याहून खाली येतात, कॅननची ईएफ-एस (क्रॉपसाठीची) लेन्स तर जुन्या फुल फ्रेम डीएसएलआरला बसतच नाही.

प्रश्न : आमच्या आजोबांचा स्टुडिओ होता. त्यांचा याशिका मॅट कॅमेरा अजून घरात जपून ठेवलाय. त्यावर ८० एमएम लिहिलंय, पण अल्बममधले त्याचे फोटो बघितले तर अख्खं कुटुंब आरामात बसलंय. माझ्या डिजिटलवर ८० ला फक्त चेहरा येतो. असं कसं?

उत्तर : या पत्राचा फार आनंद झाला, कारण सगळा गोंधळ एका फटक्यात सुटतो तो इथंच. आजोबांच्या कॅमेऱ्यात १२० ची फिल्म जाते, बोलायला सहा बाय सहा, प्रत्यक्षात चौकोन साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटरचा. तेवढ्या मोठ्या चौकोनावर ८० एमएमची लेन्स आडवी साडेअडतीस अंश बघते. आणि वर आपण बघितलं, ५० एमएम फुल फ्रेमवर जवळजवळ ४०. म्हणजे त्या काळच्या स्टुडिओवाल्यांची ८० आणि नंतरच्या पस्तीस एमएम फिल्मवाल्यांची (तिची फ्रेम फुल फ्रेमएवढीच) ५० ही बघायला जवळपास एकच, आणि दोघंही आपापल्या लेन्सला 'नॉर्मल'च म्हणायचे.

मग आपण सगळे एमएममध्येच का बोलतो? कारण १९२५ ला लायका कॅमेरा बाजारात आला, त्याची २४ बाय ३६ ची फ्रेम पुढं जगभर चालली, आणि पुढची कित्येक वर्षं बहुतेक लोकांच्या हातात तीच एक साइज होती. साइज एकच असली की ५० म्हटलं काय आणि ४० अंश म्हटलं काय, अर्थ एकच निघतो, आकडा पाठ झाला की काम भागतं. डिजिटल आलं आणि सेन्सर नखापासून काड्यापेटीपर्यंत हरतऱ्हेचे झाले, बोलायची सवय मात्र तीच राहिली. आजोबांच्या कॅमेऱ्यात अजून रोल टाकता येतो बरं का, १२० ची फिल्म मिळते, शटर चालत असेल तर नक्की वापरा.

प्रश्न : जोतिबाच्या चैत्र यात्रेतले मोठ्या फोटोग्राफरांचे फोटो बघितले की सासनकाठ्या एकमेकीला चिकटल्यासारख्या दाट दिसतात, मध्ये सगळा गुलाल. मी काढले तर विरळ दिसतात. दादा, टेली लेन्सच (लांबचं मोठं दाखवणारी) घ्यावी लागेल का? टेली लेन्स कॉम्प्रेस करते, म्हणजे पुढचं-मागचं जवळ आणते म्हणतात.

उत्तर : लेन्स कॉम्प्रेस करत नाही भावा, ते काम अंतर करतं. दोन सारख्या उंचीच्या सासनकाठ्या घे, एकामागं एक, मध्ये १० मीटर. पहिलीपासून १० मीटरवर उभा राहिलास तर दुसरी तुझ्यापासून २० मीटरवर, म्हणून ती पहिलीच्या निम्मी दिसणार. आता मागं सरकत ५० मीटरवर जा. पहिली ५० वर, दुसरी ६० वर, आता दुसरी पहिलीच्या सहातल्या पाच हिश्श्याएवढी दिसते, म्हणजे जवळजवळ सारखीच. आणि सारखी दिसली की आपला डोळा त्यांना शेजारी शेजारी समजतो. यात लेन्सचं नावसुद्धा आलं नाही बघ.

टेली कशाला लागते, तर मागं गेल्यावर पहिली काठी बारीक झालेली असते ती परत मोठी करायला. १० मीटरवरून ४० एमएमला ती जेवढी दिसेल तेवढीच ५० मीटरवरून २०० ला दिसते. पैसे नसतील तर हे आत्ताच्या लेन्सवर करून बघ, ५० मीटरवरून ५० एमएमला फोटो काढ आणि मधला पाव रुंदीचा तुकडा कापून घे, दाटपणा अगदी २०० सारखाच येईल. फक्त रुंदी पाव आणि उंचीही पाव म्हणजे २४ मेगापिक्सलमधले दीडच उरतात, मोबाइलवर चालेल, फ्रेम करून भिंतीवर लावायला चालणार नाही. त्यामुळं लेन्स घे, पण आधी जागा शोध. देवळाच्या आवारात गर्दीत मध्ये शिरलास तर २०० लावूनही काठ्या विरळच दिसणार, लांब आणि थोडी उंच जागा सकाळी लवकर जाऊन धरावी लागते. आणि गुलालात लेन्स बदलू नको, सेन्सरवर बसला तर निघता निघत नाही.

चेहऱ्याचंही हेच. जवळ जाऊन फोटो काढला की नाक मोठं आणि कान मागं गेल्यासारखे दिसतात, त्याला लोक वाइड लेन्सचा दोष म्हणतात. दोन मीटर मागं उभा राहा, चेहरा सरळ येतो, मग लेन्स कुठलीही असो.

प्रश्न : शाहू स्टेडियमला फुटबॉलचे फोटो काढतो, ३०० एमएम आहे. फुल फ्रेम घेऊ की क्रॉपच ठेवू?

उत्तर : पेठेच्या मॅचेस काढत असाल तर बजेट बघून मी तरी क्रॉपच ठेवा म्हणेन. पलीकडच्या बाजूला ६० मीटरवर खेळाडू आहे असं धरा. क्रॉपवर ३०० ला फ्रेमची रुंदी पावणेपाच मीटरच्या आत, बॉलसाठी भिडलेले दोघं-तिघं भरून येतात. फुल फ्रेमवर तीच रुंदी ७ मीटर २० होते, आणि नंतर कापून क्रॉपएवढी केली तर २४ मेगापिक्सलच्या बॉडीत साडेदहाच्या आसपास उरतात. क्रॉप बॉडीत त्याच तुकड्यावर सगळे २४ खर्च होतात. फुल फ्रेमचा फायदा आहे तो संध्याकाळी उजेड गेल्यावर, तिथं पूर्ण फ्रेम वापरलीत तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवून पण फोटो स्वच्छ राहतो. पण वरच्यासारखं कापायला लागलात की तो फायदाही बराचसा जातो. त्यामुळं पैसे घालायचेच असतील तर ते जास्त उजेड घेणाऱ्या लेन्सवर घाला.

प्रश्न : माझ्या फोनच्या फोटोची माहिती उघडली तर एकीकडं ६ एमएम आणि दुसरीकडं २४ एमएम दाखवतंय. खरं कुठलं?

उत्तर : खरी फोकल लेंथ ६ च्या आसपासची. फोनच्या जाडीत २४ एमएमची लेन्स सरळ बसवायला जागाच नसते. २४ म्हणजे फुल फ्रेमवर २४ लावल्यावर जेवढं दिसेल तेवढं या फोनमधून दिसतं, ७० अंशांच्या थोडं वर. बऱ्याच फोनमध्ये २एक्स (दुप्पट झूम) दाबलं की नवीन लेन्स येत नाही, त्याच सेन्सरचा मधला भाग कापून दिला जातो. तुमच्या फोनमध्ये काय होतं ते बघायचं असेल तर २एक्सवर फोटो काढा आणि माहिती परत उघडा. ६ तसाच राहिला आणि २४ चं ४८ झालं तर कापलंय, ६ चा आकडाही बदलला तर लेन्स वेगळी आहे.