'आरांचा' म्हणजे नारिंग की संत्रं?

प्रश्न असा आला आहे: इटलीतल्या इव्रेआ गावच्या कार्निव्हलमध्ये लोक एकमेकांना संत्री फेकून मारतात. त्या लढाईला तिकडे 'बात्ताल्या देल्ले आरांचे' म्हणतात. यातला 'आरांचा' आणि आपलं 'नारिंग' हे एकाच घरचे शब्द आहेत का? आणि मराठीत 'संत्र्यांची लढाई' म्हणणं बरोबर आहे का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, माझ्या मते, नाही.

आधी शब्दाचा प्रवास पाहू. संस्कृतात नारंग आणि नागरंग अशी दोन्ही रूपं आहेत. मूळ बहुधा द्राविडी असावं. मलयाळीत आजही 'नारंगा' म्हटलं की लिंबू हाती येतं. तिथून फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज'. अरबांनी कडू नारिंगाची झाडं सिसिलीत नेली आणि झाडाबरोबर नावही गेलं. स्पॅनिशमध्ये 'नारांखा' झालं, व्हेनिसच्या बोलीत 'नारांझा'. म्हणजे तिथवर 'न' शाबूत होता. जुन्या इटालियनमध्येही 'नारांचा' होतंच. मग 'एक नारिंग' या अर्थी 'उना नारांचा' म्हणता म्हणता लोकांना 'उन आरांचा' ऐकू येऊ लागलं आणि फळाचा 'न' मागच्या शब्दाने गिळला. दोन्ही रूपं भरभर म्हणून पाहा, 'न' नेमका कोणाचा ते तुम्हालाही सांगता येणार नाही. फ्रेंचांनी तर पुढे त्यात 'ऑर' म्हणजे सोनंही मिसळलं, आणि इंग्रजीतलं ऑरेंज तिथून आलं.

गंमत पुढे आहे. गोड जातीचं फळ युरोपभर पसरवण्यात पोर्तुगिजांचा मोठा हात, म्हणून पुष्कळ भाषांत या फळाला देशाचंच नाव पडलं. अरबीत 'बुर्तुकाल', ग्रीकमध्ये 'पोर्तोकाली', नेपल्सकडे 'पुर्तुआल्ल', सिसिलीत 'पार्तुआल्लू'. इव्रेआत जी फळं फुटतात ती याच दक्षिण इटलीतून ट्रकने येतात, कारण आल्प्सच्या पायथ्याशी, तोरिनो शहराच्या उत्तरेला 50 किलोमीटरवर नारिंगाच्या बागा कुठून असणार! म्हणजे झाडावर असताना ते पोर्तुगीज आणि लढाईच्या इटालियन नावात नारंग.

आता मराठी. आपलं संत्रं सालीत सैल असतं, अंगठा खुपसला की साल सुटते. इव्रेआतलं फळ घट्ट सालीचं, सुरी लागणारं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते नागपुरी संत्र्यापेक्षा आपल्या मोसंबीच्या जवळचं. 'मोसंब्यांची लढाई' म्हटलं तर हसू येईल, हे मान्य. (मोसंबी हे नावही मोझांबिकवरून आलेलं, या कुळातल्या फळांच्या कपाळी गावोगावची नावं लिहिलेली दिसतात.) संत्रं हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला असं बरेचजण सांगतात. मला ते पटत नाही. बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांमध्ये 'संगतरा' नोंदवला आहे आणि बाबर 1530 मध्ये वारला. गोवा घेऊन पोर्तुगिजांना तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. एवढ्यात गोव्याहून आग्र्यापर्यंत नाव रुळेल, हे जरा अवघडच वाटतं.

म्हणून माझं मत 'नारिंगांची लढाई'. शब्द कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे, रंगाच्या नावात तर रोजच येतो, आणि मूळ शब्दाचा सख्खा भाऊ आहे. लढणाऱ्यांना तिकडे 'आरांचेरी' म्हणतात. वारकरी, धारकरी यांच्या चालीवर 'नारिंगकरी' म्हणायला काय हरकत आहे?

हे नारिंगकरी दोन प्रकारचे. पायी लढणाऱ्यांची नऊ पथकं. इस्पिकचा एक्का, मृत्यू, बुद्धिबळ, काळा बिबट्या, सैतान अशी त्यांची नावं. अंगावर पथकाच्या रंगाचा पोशाख, तोंडावर काहीही नाही. समोरून घोडागाड्या येतात, त्यांत जाड मुखवटे घातलेले जुलमी सरदाराचे शिपाई. तीन दिवस, रविवार ते मंगळवार. रस्त्यावर साल, रस आणि घोड्यांची लीद यांचा चिखल होतो. लढायचं नसेल तर डोक्यावर लाल टोपी घालायची, मग मुद्दाम कोणी मारत नाही. गोष्ट अशी सांगतात की सरदाराने लग्नाच्या रात्रीच नवरीवर हक्क सांगितला, तेव्हा गिरणीवाल्याच्या लेकीने, व्हिओलेत्ताने, त्याचं मुंडकं उडवलं आणि गावाने गढी जाळली. तिला 'मुन्याया', म्हणजे गिरणीवाली, म्हणतात. मध्ययुगातली म्हणून सांगितली जाणारी ही नायिका मिरवणुकीत मात्र 1858 पासूनच येते. नारिंगांच्या आधी तिथे शेंगांचे दाणे, म्हणजे घेवडाच, फेकत असत. आजही मोठमोठ्या हंड्यांत घेवडा शिजवून गावभर वाटतात.

कार्निव्हल या शब्दाबद्दलही कोणीतरी विचारेलच, म्हणून थोडक्यात: मूळ अर्थ 'मांस बाजूला ठेवणं'. पुढे ईस्टरआधीचा उपास असतो. गोव्यात याच सणाला 'इंत्रूज' म्हणतात, तो पोर्तुगीज 'एंत्रूदु'वरून, आणि त्याचा अर्थ 'प्रवेश'. एका शब्दात मांसाला निरोप, दुसऱ्यात उपासात पाऊल. दिवस तेच.

इव्रेआतला निरोप मात्र मला सगळ्यांत आवडतो. मंगळवारी रात्री चौकातले उंच, वाळक्या झुडपांनी मढवलेले खांब जाळतात, अधिकाऱ्यांच्या वेशातली माणसं तलवारी फरपटत मुकाट्याने चालतात, आणि लोक एकमेकांना पियेमोंतच्या, म्हणजे त्यांच्या प्रांताच्या, बोलीत म्हणतात, 'आर्वेद्से आ जोबिया न बोत', म्हणजे 'गुरुवारी एक वाजता भेटू'. तो गुरुवार पुढच्या वर्षीच्या कार्निव्हलचा. त्यांचा 'जोबिया' ज्युपिटरचा वार, आणि आपला गुरुवार त्याच ग्रहाचा.