दीर्घिकांच्या गर्दीत नवे तारे कमी का जन्मतात?

प्रश्न : एप्रिलमध्ये शाळेच्या गच्चीवरून मुलांना कन्या रास दाखवताना, त्या दिशेला हजाराहून अधिक दीर्घिकांचा समूह आहे, असे मी सांगितले. त्यावर एका मुलीने विचारले, की इतक्या दीर्घिका जवळजवळ असतील, तर तेथे नवे तारेही भराभर जन्मत असतील ना? मला उत्तर देता आले नाही.
— एक शिक्षिका, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीने फार मोलाचा प्रश्न विचारला आहे. प्रत्यक्षात घडते ते मात्र उलटे. सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरील या कन्या समूहाच्या गाभ्यात एम८७ सारख्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे प्राबल्य असून त्यांतील बहुतेक तारे वृद्ध आहेत. दीर्घिकांची दाटी जितकी अधिक, तितक्या सर्पिल, म्हणजे नवे तारे घडवणाऱ्या दीर्घिका कमी, हे खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन ड्रेसलर यांनी १९८० मध्ये अनेक समूह तपासून दाखवले.

तारा जन्मतो तो थंड, दाट वायूतून. समूहात या वायूचीच टंचाई पडते. विहीर आटते ती उपशाने, आणि आतले झरे बंद झाल्यानेही, हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागणार नाही. समूहात शिरलेल्या दीर्घिकेला बाहेरून मिळणारा ताजा वायू असाच थांबतो. शिल्लक साठ्यावर ती आणखी काही अब्ज वर्षे तारे घडवते आणि हळूहळू मंदावते.

दुसरी क्रिया अधिक तीव्र आहे. समूहातील दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत कोट्यवधी अंश तापमानाचा, क्ष-किरण सोडणारा अतिविरळ वायू भरलेला असतो. त्यातून सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेवर समोरून जो दाब येतो, तो तिच्यातला वायू अक्षरशः उडवून नेतो. वारा नसलेल्या दिवशीही दुचाकीवर वारा तोंडावर येतो, तसेच हे. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ही कल्पना मांडली. तारे मात्र जागचे हलत नाहीत, कारण विरळ वायूचा दाब इतक्या घट्ट गोळ्यांचे काही बिघडवू शकत नाही. म्हणून दीर्घिकेचा आकार बराच काळ शाबूत दिसतो आणि आतला कच्चा माल मात्र निघून गेलेला असतो.

तरीही मुलीचे म्हणणे सर्वस्वी चूक नाही. याच दाबाने वायू आधी दबला, तर काही काळ ताऱ्यांचे जन्म वाढतातही. सुमारे २२ कोटी प्रकाशवर्षांवरील ईएसओ १३७-००१ या दीर्घिकेच्या मागे वायूची लांब शेपटी लोंबते आणि त्या शेपटीतही नवे, निळे तारे जन्मलेले आहेत. अशा दीर्घिकांना जेलीफिश दीर्घिका म्हणतात. असे तरुण तारे अतिनील प्रकाशात ठळक दिसतात आणि २०१५ मध्ये सोडलेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील दुर्बिणीने अशा दीर्घिकांचे निरीक्षण केले आहे.

मुलांना पुन्हा गच्चीवर न्याल, तेव्हा एप्रिलअखेरीस अमावास्येच्या आसपास रात्री दहाच्या सुमारास न्यावे. उत्तरा फाल्गुनी नक्षत्रातील ठळक तारा आणि कन्या राशीतील एप्सिलॉन हा तारा यांच्यामधला भाग तेव्हा जवळजवळ डोक्यावर येतो. गावाच्या दिव्यांपासून दूर, चार इंची दुर्बिणीतून तेथे एम८७ धुरकट ठिपक्यासारखी दिसते.