गिऱ्हाइकाच्या आईशी तू बोलू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. मदर्स डेच्या मिक्सरची जाहिरात गळ्यात पडली आणि ‘आई, आता तुझ्या हातांना विश्रांती’ ही ओळ लिहून तुझी तुलाच लाज वाटली, हे वाचलं. नोकरी सोडू का, हे मात्र मला विचारू नकोस. घरभाडं तुला भरायचंय.

चांगला दिवस बाजाराने बिघडवला, असं म्हणतेस. अगं, बाजार पहिल्यापासून मांडवात होता! १० मे १९०८ ला, अमेरिकेत हा दिवस सुरू करणाऱ्या अ‍ॅना जार्विसने आईच्या स्मरणार्थ वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनच्या चर्चमध्ये पाचशे पांढरी कार्नेशन्स पाठवली. त्याच दिवशी फिलाडेल्फियात वानामेकरच्या दुकानातही सभा भरली. १९१४ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी मेचा दुसरा रविवार मदर्स डे म्हणून जाहीर केला. पांढऱ्या फुलांचा तुटवडा पडायला लागला, तशी फुलवाल्यांनी तोड काढली: आई गेली असेल तर पांढरं, हयात असेल तर रंगीत. कुठलंच गिऱ्हाईक सुटायला नको! मग बाई फुलवाले, मिठाईवाले, कार्डवाले, सगळ्यांवर उलटली. १९२५ मध्ये सैनिकांच्या माता निधीसाठी कार्नेशन्स विकत होत्या, तिथेही जाऊन भांडली, पोलिसांनी धरलं. ते मला पटत नाही. पण छापील कार्डाची तिला चीड होती, ती शंभर टक्के पटते. चार ओळी लिहायचा आळस, म्हणून विकतची माया.

तेव्हा मिक्सर खुशाल विक. किंमत सांग, सूट सांग, भांडी किती ते सांग. गिऱ्हाइकाच्या वतीने त्याच्या आईशी बोलू नकोस. मी एका साडीवाल्याला हेच ऐकवलं होतं. ‘साडीवर लिहितो, लेकाचं पत्र लिहिणार नाही.’ काम गेलं, बढती हुकली, हेकट म्हणून नाव झालं. हेकट तर हेकट. माझ्या आईला मी पत्रं फार कमी लिहिली, याची रुखरुख आहे. त्या साडीवाल्याची नाही.

आणि ‘सगळेच तसं लिहितात’ हे कारण पुन्हा देऊ नकोस, डोकं फिरतं माझं. सेल असेल तर सेल म्हण. त्याच्या आईशी त्याला बोलू दे, नाही बोलला तर नाही.

नवा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. मिक्सरच्या मोटारीची वॉरंटी किती वर्षांची, तेवढं क्लायंटला विचार. तुझ्या अख्ख्या ब्रीफमध्ये ते कुठेच नाही.