नवा टायर आणि पहिले दीडशे किलोमीटर

मे महिना लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत टायरविषयीच्या पत्रांची भर पडते. पाऊस तोंडावर आलेला असतो आणि गुळगुळीत झालेल्या मागच्या चाकाकडे तेव्हा कुठे लक्ष जाते. यंदाच्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी १५० सीसीची मोटारसायकल सात वर्षांची आहे. मागचा टायर १००/९०-१७ मापाचा असून तो झिजत आला आहे. पुढचा टायर मूळचाच आहे आणि त्यावर नक्षी बरीच शिल्लक आहे. दर शनिवारी मी पत्नीसह कोल्हापूरहून गगनबावडामार्गे कणकवलीला जातो. दुकानदार म्हणतात, मागे १३०/७०-१७ बसवा, गाडी रस्ता घट्ट धरेल. हा सल्ला मानावा का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुकानदारांचे अर्धे गणित बरोबर आहे, म्हणूनच ते फसवे ठरते. आपल्या टायरवरील पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा आकडा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत सांगतो. त्यानुसार १००/९०-१७ टायरची बाजू ९० मिलिमीटर उंच आणि चाकाचा एकूण व्यास सुमारे ६१२ मिलिमीटर होतो. १३०/७०-१७ घेतल्यास बाजू ९१ मिलिमीटर आणि व्यास सुमारे ६१४ मिलिमीटर होतो. फरक अवघा दोन मिलिमीटरचा असल्यामुळे गाडीची उंची आणि गिअरची ओढ यांत काहीच बदल जाणवणार नाही. दुकानदार हेच दाखवून ‘बसतो की’ असे म्हणत असणार.

अडचण व्यासाची नसून रिमच्या रुंदीची आहे. आपल्या मागच्या रिमवर १७ या आकड्यासोबत २.१५ किंवा २.५० असा आकडा कोरलेला आढळेल. ती रिमची इंचांतील रुंदी होय. १३० मिलिमीटरचा टायर मात्र साडेतीन इंचांच्या आसपास रुंदीच्या रिमसाठी घडवलेला असतो. तो अरुंद रिमवर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगून वर येतो आणि ज्या रुंदीसाठी आपण जास्तीचे पैसे मोजले, ती रुंदी सरळ रस्त्यावर जमिनीला टेकतच नाही. वळणावर गाडी कलवताना टायरचा आकार कारखान्यात ठरवलेल्या गोलाईप्रमाणे उरत नसल्याने ती आधी अडते आणि मग एकदम पडल्यासारखी कलते. शिवाय तो टायर चेनच्या आवरणाला किंवा मडगार्डला घासण्याची शक्यता असते. तरुणपणी मी स्वतः ही हौस करून पाहिली आहे. दोघे बसून खड्ड्यात गाडी आदळली की चेनच्या बाजूने करवत चालवल्यासारखा आवाज येत असे, आणि तो टायर वर्षाच्या आतच मी उतरवला.

आपण मूळ मापच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अगदीच मोह आवरत नसेल, तर ११०/८०-१७ पर्यंत जाण्यास हरकत नाही, पण टायर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात आपल्या रिमची रुंदी त्या मापासाठी मान्य असेल तरच. मापानंतर येणारा ‘५५पी’ असा मजकूरही वाचावा. त्यातील ५५ म्हणजे योग्य हवा असताना त्या एका टायरने पेलायचा कमाल भार २१८ किलो आणि ‘पी’ म्हणजे कमाल वेग ताशी १५० किलोमीटर. आपली गाडी सुमारे १४५ किलोची, आपण दोघे मिळून १३० किलोचे आणि सामान दहा किलोचे धरले, तर एकूण २८५ किलोंपैकी साधारण साठ टक्के, म्हणजे १७० किलोंच्या आसपास भार मागच्या चाकावर येतो. मूळ टायर हे काम सहज करतो. त्यापेक्षा कमी आकड्याचा टायर मात्र स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

आता रस्त्याविषयी. करूळचा घाट असो की भुईबावड्याचा, पावसाळ्यात तिथे धुके, वाहते पाणी, दरडीची माती आणि कुजलेला पालापाचोळा हे सर्व एकाच वळणावर भेटू शकते. हल्ली अनेकांना बटण टायरचे आकर्षण वाटते, परंतु त्याच्या ठोकळ्यांमधील मोकळी जागा चिखलासाठी असते. ओल्या डांबरावर तेवढेच रबर कमी टेकते आणि ब्रेक मारताना ठोकळे वाकतात. आपल्या कामाला डांबरी रस्त्यासाठीचा, मध्यापासून कडेपर्यंत तिरक्या खाचा असलेला टायर हवा. परवडत असेल तर मधल्या पट्ट्यात टणक आणि कडेला मऊ रबर असलेला टायर पाहावा. कोल्हापूर ते गगनबावडा हा बराचसा सरळ प्रवास मधल्या पट्ट्यावर होतो आणि घाटातली वळणे कडेच्या मऊ रबरावर घेतली जातात, त्यामुळे टिकाऊपणा आणि पकड यांची सांगड या प्रकारात चांगली बसते. निव्वळ मऊ रबराचा टायर घेतल्यास पकड उत्तम मिळेल, पण दर आठवड्याच्या या फेऱ्यांत तो लवकर झिजेल, हे धरून चालावे.

पुढच्या टायरबाबत आपण विचारले नसले तरी मला तोच अधिक काळजीचा वाटतो. नक्षी शिल्लक असणे आणि रबर जिवंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सात वर्षे ऊन खाल्लेले रबर टणक होते, खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसू लागतात आणि ओल्या रस्त्यावर ते घसरते. मागचे चाक थोडे सरकले तर गाडी सावरण्याची संधी अनेकदा मिळते. पुढचे चाक सरकले तर ती बहुधा मिळत नाही. म्हणून दोन्ही टायर एकदमच बदलावेत. पैशांचा प्रश्न असल्यास मागे महागडा टायर घेण्याऐवजी त्याच रकमेत दोन मध्यम दर्जाचे टायर बसवलेले मला अधिक पटेल. दोन्ही एकाच बांधणीचे असावेत. एक रेडियल आणि दुसरा साधा, अशी जोडी लावू नये.

प्रश्न : येथील एका दुकानात नामांकित कंपनीचे टायर बऱ्याच सवलतीत मिळत आहेत. ते जुने आहेत की नवे, हे कसे ओळखावे? – एक वाचक, अकोला

उत्तर : टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे एका चौकटीत उठवलेले असतात. ३५२४ असे आकडे असतील, तर तो टायर २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. हे आकडे पुष्कळदा एकाच बाजूला असतात, त्यामुळे टायर उलटून पाहावा. वर्षभरापूर्वीचा टायर सावलीत नीट ठेवलेला असेल तर तो नव्यासारखाच समजावा. तीन-चार वर्षांचा असेल तर सवलत कितीही मोठी असली तरी मी तो घेणार नाही, कारण त्याचे आयुष्य दुकानातच खर्च झालेले असते, आणि अकोल्याच्या उन्हात दुकानाबाहेर खुंटीला टांगलेल्या टायरचे तर निश्चितच. आयएसआयची खूण आणि तिच्याजवळ आयएस १५६२७ हा दुचाकी-तीनचाकीच्या टायरांचा मानक क्रमांक आहे का, तेही पाहावे. रिसोल केलेला, म्हणजे झिजलेल्या टायरवर रबराचा नवा थर चढवलेला टायर दुचाकीला कधीही लावू नये.

प्रश्न : गेल्या आठवड्यात दोन्ही टायर नवे बसवले. दुकानातून निघून दुसऱ्याच वळणावर मागचे चाक सरकले आणि मी पडता पडता वाचलो. रस्ता कोरडा होता. शिवाय पहिल्यांदा पुढचा ब्रेक दाबला तेव्हा तो रिकामाच गेला. गाडी आता विचित्र कलते. टायर सदोष आहेत का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण सुखरूप आहात, हे महत्त्वाचे. टायर सदोष असण्याची शक्यता फार कमी वाटते. आपण सांगितलेल्या तिन्ही गोष्टींची कारणे वेगवेगळी आहेत आणि तिन्ही दुकानदाराने निघण्यापूर्वी सांगायला हव्या होत्या.

साच्यातून बाहेर पडलेल्या टायरचा पृष्ठभाग तुळतुळीत असतो आणि साच्यापासून सुटण्यासाठी वापरलेल्या द्रव्याचा अंशही त्यावर राहिलेला असू शकतो. रस्त्याने तो थर खरवडला जाऊन रबर थोडे खडबडीत होईपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही. सरळ चालवताना हा थर फक्त मधून जातो. कडा कोऱ्याच राहतात, आणि पहिल्यांदा गाडी कलवली की नेमकी कोरी कड रस्त्याला लागते. आपले चाक तिथेच सरकले असावे. काही दुकानांत टायर चकचकीत दिसावा म्हणून त्याला पॉलिश फासतात. तसे झाले असल्यास टायर साबणाच्या पाण्याने घासून धुवावा. रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल मात्र लावू नये, कारण त्याने रबर बिघडते.

पुढचा ब्रेक रिकामा जाण्याचे कारण टायरमध्ये नाहीच. चाक काढून परत बसवताना डिस्कच्या दोन्ही बाजूंचे पॅड मागे ढकलले जातात. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकची दांडी चार-सहा वेळा दाबून ती कडक लागते याची खात्री करावयाची असते. यापुढे कोणत्याही कामासाठी चाक निघाले, तर दुकानाच्या दारातच हे करावे.

गाडी विचित्र कलते ही तक्रार मला सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिच्यात बहुधा दोष नसतो. जुना टायर मध्ये झिजून सपाट झालेला असतो आणि आपल्या हाताला त्या सपाटपणाची सवय होते. वळताना त्याच्या काठावरून गाडी जोर लावून ढकलावी लागते. नवा टायर गोल असतो, त्यामुळे तेवढाच जोर लावला की ती अपेक्षेपेक्षा लवकर कलते. हाताला ही नवी सवय लागायला दोन-चार दिवस लागतात, आणि कुंभार्ली घाटात ती लावून घेण्याचा प्रयत्न करू नये.

आता चाचणी कशी घ्यावी ते सांगतो. पहिल्या दिवशी जोरात ब्रेक मारणे आणि एकदम वेग घेणे टाळावे, कारण बसवताना लावलेले साबणाचे पाणी वाळेपर्यंत टायर रिमवर किंचित सरकू शकतो. पहिले दीडशे किलोमीटर शक्यतो कोरड्या रस्त्यावर, पाठीमागे कोणाला न बसवता काढावेत. त्या काळात सकाळच्या वेळी एखादे रिकामे, स्वच्छ डांबरी मैदान गाठून परवान्याच्या परीक्षेत काढतो तसे आठाचे आकडे काढावेत. सुरुवातीला मोठे आणि संथ, नंतर जरा लहान. थांबून टायरकडे पाहिले, तर घासून काळसर मळकट झालेला पट्टा आणि कडेची चकाकी यांच्यामधील सीमा स्पष्ट दिसते; प्रत्येक फेरीत ती थोडी बाहेर सरकली पाहिजे. कडेपर्यंत सगळी चकाकी घालवण्याचा हट्ट धरू नये, रोजच्या चालवण्यात ती कधीच पूर्ण जात नाही आणि जाण्याची गरजही नसते. त्यानंतर सरळ, कोरड्या रस्त्यावर मागून वाहन नाही हे पाहून ताशी तीसच्या वेगातून हळूहळू दाब वाढवत थांबून पाहावे, मग चाळीस, मग पन्नास. पुढचा ब्रेक एकदम ओढण्याऐवजी पिळत नेला की टायर किती धरतो, हे हाताला कळत जाते. पहिल्या सरीत हीच चाचणी निम्म्या वेगाने पुन्हा घ्यावी आणि रस्त्यावरील पांढरे पट्टे, पुलांचे लोखंडी सांधे व रेल्वे फाटकाचे रूळ यांवर कितीही उत्तम टायर घसरतो, हे लक्षात ठेवावे. कोकणात तांबड्या मातीचा थर रस्त्यावर आला की तिथे टायरचे नाव विचारण्यातच अर्थ नसतो.

हवेचे माप घेतल्याशिवाय वरील चाचणीला काही किंमत नाही. आपल्या गाडीच्या चेनजवळ किंवा पुस्तिकेत दिलेला आकडा थंड टायरचा असतो. पंपापर्यंत पाच-सहा किलोमीटर जाऊन तापलेल्या टायरचे माप दोन-तीन पौंड जास्त दिसू शकते, आणि ते पाहून हवा कमी केली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर मऊ पडलेला असतो. दुकानात टायर रिमवर बसावा म्हणून पुष्कळदा जास्त हवा भरतात आणि ती तशीच राहते. आपल्या चाक सरकण्यात तिचाही हात असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

प्रश्न : माझ्या बुलेटला आऱ्यांची चाके आहेत. ट्यूबलेस टायर बसवता येईल का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : बसवता येईल, पण त्याच्या आत ट्यूब घालावीच लागेल. साध्या आऱ्यांच्या रिममध्ये प्रत्येक आऱ्यासाठी छिद्र असते आणि हवा तिथून निघून जाते. ही छिद्रे चिकटपट्टी किंवा रसायनाने बुजवून देणारे कारागीर आहेत. घरापासून दूर, दोघे बसलेले असताना एकदम हवा जाण्याचा धोका पत्करण्याइतकी मला ती सोय मोठी वाटत नाही. टायर बदलताना ट्यूब आणि रिमवरची रबरी पट्टी मात्र नवी घालावी.

प्रश्न : नवा टायर बसवल्यापासून गाडी ताशी साठच्या पुढे थरथरते. – एक वाचक, सातारा

उत्तर : मेन स्टँडवर गाडी लावून चाक हाताने फिरवा आणि रिमच्या काठाला लागून टायरवर असलेली बारीक उठावदार रेघ पाहा. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती आत गेली असेल, तर टायर तिथे रिमवर नीट बसलेला नाही, आणि हवा सोडून, कडेला साबणाचे पाणी लावून तो पुन्हा बसवावा लागेल. रेघ ठीक असेल, तर टायरवरचा पिवळा ठिपका शोधा. तो टायरच्या सर्वांत हलक्या जागेची खूण असून व्हॉल्व्हच्या शेजारी यायला हवा. बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनेच आहे ना, तेही पाहावे. हे सर्व बरोबर असूनही थरथर राहिली, तर चाक बॅलन्स करून घ्यावे. रेघ, ठिपका किंवा बाण यांपैकी काहीही चुकलेले आढळल्यास टायर पुन्हा बसवण्याची मजुरी देऊ नये.