भाजीच्या टोपल्या उचलल्या, जनहित याचिका टाकायची का?

प्रश्न: मॅडम, आम्ही चौदा बाया नागपुरात एका चौकात रस्त्याच्या कडेला भाजी विकतो, पंधरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात अतिक्रमणवाल्यांची गाडी आली अन् टोपल्या, काटा, वांगे, सांभार (कोथिंबीर) सगळं उचलून नेलं, पावती नाही का काही नाही. पोरगा म्हणते हायकोर्टात जनहित याचिका टाका, वकील म्हणते लय खर्च लागन. आम्ही काय करावं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, जनहित याचिका हे नाव आजकाल लोक कशालाही लावतात. ज्यांना कोर्टाची पायरीच चढता येत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी टाकायची ती. १९७९ ची हुसैनआरा खातून केस तशी, बिहारमध्ये खटला न चालताच वर्षानुवर्षं जेलात पडलेले कच्चे कैदी, त्यांची बातमी पेपरात वाचून कपिला हिंगोरानी या वकील बाई सुप्रीम कोर्टात गेल्या. तुमचं तसं नाही, माल तुमचाच गेला, मग तुम्हीच अर्जदार. हायकोर्टाच्या सिव्हिल लाइन्समधल्या खंडपीठात घटनेच्या कलम २२६ खाली साधी रिट याचिका टाका, म्हणजे आपल्या हक्कासाठी सरकारी कारभाराविरुद्ध थेट हायकोर्टात अर्ज, चौदाजणी मिळून.

आणि खर्चाचं म्हणाल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही (हे वकिलानं सांगितलं नाही, यात मला तरी नवल वाटत नाही). जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा नाहीतर १५१०० ला फोन लावा.

आता तुमची खरी ताकद. १९८५ च्या ओल्गा टेलिस केसमध्ये सुप्रीम कोर्टानं पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण फुटपाथवर राहणाऱ्या त्या लोकांची जागा काही राहिली नाही, पावसाळा सरेपर्यंतची मुदत तेवढी मिळाली. म्हणून नुसत्या त्या केसवर विसंबू नका, २०१४ चा पथविक्रेता कायदा धरा. रस्त्यावरच्या विक्रेत्यांचा सर्व्हे होऊन विक्रीचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत जुन्या विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि प्रमाणपत्र असेल तर हटवण्याआधी ३० दिवसांची नोटीस लागते. माल उचलला तर यादी करून तिची सही केलेली प्रत तिथंच द्यायची, मागणी करून फी भरली की भाजीसारखा नाशवंत माल त्याच दिवशी परत, काटा-टोपल्या दोन कामाच्या दिवसांत. तुमच्याकडे सर्व्हे झाला का, ते आधी महापालिकेत विचारा.

भाजी तर गेलीच, पण काट्या-टोपल्यांसाठी आजच महापालिकेकडे अर्ज करा, तारीख, वेळ, काय काय नेलं ते लिहा, कोणाच्या मोबाइलमध्ये फोटो असतील तर जोडा आणि पोचेवर शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपून ठेवा, वकील पहिले तीच मागेल.