‘पाच मिनिटात येते’ म्हणू नकोस, खरी वेळ सांग

वाचकांचे प्रश्न. यावेळचा विषय : वॉर्डातली सिस्टर, पेशंट आणि नातेवाईक. उत्तरं देतायत नाशिकच्या एक रिटायर्ड इनचार्ज सिस्टर, 31 वर्षं वॉर्डात काढलेल्या.

प्रश्न : ताई, माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, नाशिकमधल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलला मेडिकल वॉर्डात सात महिने झाले. काम येतं, व्हेन पण पटकन सापडते, पण पेशंटशी नातं कसं जोडायचं तेच कळत नाही. गोड बोलले की नातेवाईक डोक्यावर बसतात, कडक राहिले की कंप्लेंट जाते. सीनियर म्हणतात गुंतू नकोस. मागच्या महिन्यात एक काका गेले तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तर एक जण म्हणाली असं केलंस तर तुझ्याच्याने ही नोकरी होणार नाही. एका ड्युटीला बारा-चौदा पेशंट असतात, बोलायला वेळ कुठून आणू?

उत्तर : पोरी, आधी रडण्याचं बोलते. रडलीस त्यात काहीही चुकलेलं नाही, मी पंचवीस वर्षं झाल्यावरही रडलेय. फक्त एवढं बघायचं की आपलं रडणं घरच्यांना सांभाळावं लागू नये, त्यांच्यासमोर डोळे भरले तर भरू देत पण त्यांनीच आपल्याला पाणी आणून द्यायची वेळ येऊ नये. आणि घरी जाताना ते ओझं एकटीने नेऊ नकोस, पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला हँडओव्हर देऊन झाल्यावर एखाद्या मैत्रिणीशी दहा मिनिटं बोलून मगच गाडीला किक मार.

आता वेळेचं. बारा-चौदा पेशंट एकटीकडे असणं चूकच आहे आणि ते मॅनेजमेंटला लेखी सांगत राहायचं, पण उद्या सकाळी तुला त्याच वॉर्डात उभं राहायचंय म्हणून माझा अनुभव सांगते. नातं गप्पांनी जुळत नाही गं, दिलेला शब्द पाळल्याने जुळतं. आपण सगळ्या काय करतो, कोणी हाक मारली की ‘पाच मिनिटात येते’ म्हणतो आणि पाऊण तासाने जातो. आपल्याला ते आठवतही नसतं. पण पडून असलेला माणूस घड्याळाकडे बघत असतो, त्याला दुसरं कामच नसतं ना. त्यापेक्षा सरळ सांगावं, ‘आत्ता दोन सलाईन बदलायच्यात, साडेअकराला येते’, आणि साडेअकराला जावं. जमणार नसेल तर दारातून मान घालून ‘बारा वाजतील हो मावशी’ एवढं तरी सांगून जावं. असं तीनदा झालं की तो माणूस बेल वाजवायचीच कमी करतो, म्हणजे तुझाच वेळ वाचतो.

एक गोष्ट सांगते. निफाडकडचे एक द्राक्षवाले बाबा छातीत पाणी झालं म्हणून आमच्याकडे होते, फेब्रुवारीचे दिवस. त्यांचा मुलगा सकाळ-संध्याकाळ नर्सिंग स्टेशनला येऊन भांडायचा, डॉक्टर कुठेत, रिपोर्ट का नाही, डिस्चार्ज कधी. सगळ्या सिस्टर त्याला टाळायच्या, तो दिसला की ड्युटी रूममध्ये. एकदा रात्री पॅसेजमध्ये तो एकटाच बसलेला दिसला, मी शेजारी बसले आणि विचारलं, दादा घरी कोण आहे? तेव्हा सगळं बाहेर आलं. बाग काढणीला आलेली, आभाळ भरून आलेलं, पाऊस पडला तर मणी तडकणार, व्यापारी रोज फोन करतोय आणि घरी फक्त म्हातारी आई. डॉक्टर नेमके कधी येतील ते माहीत नाही म्हणून हा दिवसभर अडकून बसायचा आणि मग चिडायचा. मी एका कागदावर लिहून दिलं : राउंड साधारण दहाला, रिपोर्ट चारनंतर, जेवण साडेबाराला वॉर्डातल्या मावशी भरवतील, रात्री आठला वॉर्डात फोन करायचा. दुसऱ्या दिवशी राउंड झाला की तो बागेत गेला, रात्री आठच्या ठोक्याला फोन आला आणि आवाज इतका वेगळा की मी ओळखलाच नाही. चिडका नातेवाईक बहुतेक वेळा घाबरलेला असतो नाहीतर कुठेतरी अडकलेला असतो, तो कुठे अडकलाय ते विचारायला दोन मिनिटं लागतात आणि भांडायला वीस.

तुम्हाला शिकताना पेप्लाऊ होत्या का? अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नर्स. त्यांनी 1952 मध्ये मांडलं की पेशंट आणि नर्सचं नातं हेच मुळात उपचाराचं काम आहे, आणि त्या नात्याला पायऱ्या असतात. सुरुवातीला दोघं एकमेकांना अनोळखी असतात, मग पेशंट आपल्यावर टेकायला लागतो, आपल्याकडून हवी ती मदत घेतो आणि शेवटी मोकळा होतो. पुस्तक 1948 लाच लिहून झालं होतं म्हणतात, पण सोबत डॉक्टरचं नाव नाही म्हणून छापायला चार वर्षं गेली. मला त्यातलं ‘अनोळखी’ फार पटतं. आपण पहिल्याच मिनिटाला आजी-आजी करून जवळीक दाखवतो, समोरची बाई असते अठ्ठावन्न वर्षांची आणि तिला आजी म्हणवून घ्यायचं नसतं. आधी आपलं नाव सांग, तिचं विचार, काय हाक मारू ते विचार. ‘चार नंबर बेड’ तर अजिबात नको, निदान पेशंटला ऐकू जाईल असं तरी नको. आणि स्पंज करताना (ओल्या कपड्याने अंग पुसताना), लघवीची नळी म्हणजे कॅथेटर टाकताना पडदा ओढ, नातेवाईक नको म्हणाले तरी ओढ.

अजून एक. ‘काही होत नाही, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य सोडून दे. त्याचा अर्थ पेशंटला एवढाच कळतो की हिला माझं ऐकायचं नाहीये. ‘कशाची भीती वाटते जास्त?’ असं विचार आणि गप्प बस. गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं, हात शिवशिवतात, पण दहा सेकंद थांबलं की माणूस बोलतो.

आणि समजलं का विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. सुरगाण्याकडून मजुरीला आलेला एक पोरगा होता, गोळी दिवसातून तीनदा जेवणानंतर असं सांगितल्यावर मान डोलावली. मी म्हटलं, घरी बायकोला कसं सांगशील ते सांग बरं. तो म्हणाला, सकाळी एक आणि रात्री एक. कारण तो जेवायचाच दोनदा! त्यात त्याची काही चूक नव्हती, आपण जेवणाचा हिशोब विचारलाच नव्हता. मग डॉक्टरांशी बोलून गोळीच्या वेळा त्याच्या कामाप्रमाणे बसवल्या.

सीनियर गुंतू नकोस म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, सगळं नाही. गुंतायचं, पण पेशंटसाठी. एखादाच पेशंट आवडतो म्हणून ड्युटी संपल्यावरही तिथेच रेंगाळणं, आपल्या घरच्या कटकटी त्याला सांगणं, बाकीच्या तेरांकडे दुर्लक्ष होणं, हे व्हायला लागलं की थांबायचं.

प्रश्न : माझ्या आईला कॅन्सर निघालाय, आम्ही सिडकोत राहतो. तिला धक्का बसेल म्हणून आम्ही भावंडांनी सगळ्यांना सांगितलं की तिच्यासमोर बोलायचं नाही. एक सिस्टर म्हणाल्या, ‘मी आपणहून सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही.’ आम्हाला ते फार लागलं. सिस्टरने घरच्यांचं ऐकायला नको का?

उत्तर : दादा, तुम्ही हे आईच्या प्रेमापोटी करताय हे मला कळतंय, आपल्याकडे बहुतेक घरं असंच करतात. पण त्या सिस्टर तुमच्या विरोधात नाहीयेत. आजाराचं सांगायचं काम डॉक्टरांचं, ते सिस्टर स्वतःहून करणार नाहीत. पण रात्री दोन वाजता तुम्ही घरी असता आणि आई जागी असते, ती विचारते, ‘सिस्टर, मला काय झालंय?’ तेव्हा त्या खोटं बोलल्या आणि पुढे केमोला केस गळायला लागले की आईला सगळं कळणारच. मग आई त्यांच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही, दुखतंय हेसुद्धा सांगणार नाही. मी असे पेशंट बघितलेत, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे आणि घरचे म्हणायचे बघा आई किती शांत आहे.

माझं ऐकाल तर आईलाच विचारा, ‘आई, रिपोर्टबद्दल तुला सगळं जाणून घ्यायचंय का आम्ही बघावं?’ काही बायका खरंच म्हणतात तुम्हीच बघा, मग तो त्यांचा निर्णय झाला. काहींना आधीच कळलेलं असतं आणि मुलांना त्रास नको म्हणून त्याच गप्प असतात. डॉक्टर बोलतील तेव्हा त्या सिस्टरला सोबत थांबायला सांगा, कारण डॉक्टर गेल्यावर जे प्रश्न येतात ते त्यांनाच येतात.

प्रश्न : मी नर्सिंगची स्टुडंट आहे. एका पेशंटच्या मुलीने डिस्चार्जच्या दिवशी साडी दिली आणि मोबाइल नंबर मागितला. नाही म्हणताना फार कसंतरी झालं.

उत्तर : नाही म्हणालीस ते बरोबरच. आधी तुमच्या हॉस्पिटलचा नियम बघ. पेढे आणले तर सगळ्या स्टाफमध्ये वाटून खा, साडी आणि पैसे हात जोडून परत कर. नंबर स्वतःचा न देता वॉर्डाचा द्यायचा. आणि पुढच्या वेळी निरोप आधीपासून घ्यायला लाग, ‘परवा घरी जायचं बरं का, ड्रेसिंग घरी कोण करणार, चला त्यांना आत्ताच शिकवते.’ त्या मुलीला दोन दिवस आधी तुझ्यासमोर आईचं ड्रेसिंग करायला लावलं असतंस तर तिला तुझ्या नंबरची एवढी गरज वाटली नसती.