वाचकांचे प्रश्न : जर्मनीतील द्राक्षबागांच्या रस्त्यावर

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही पतिपत्नी मानहाइमला मुलीकडे जाणार आहोत. जवळचा ‘जर्मन वाइन रस्ता’ गाडीने एका दिवसात पूर्ण पाहता येईल, असे जावई म्हणतात. आम्ही शाकाहारी आहोत आणि वाइन घेत नाही. आमच्याजोगे तिथे काही आहे का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : निश्चित आहे, आणि बागायतदाराच्या नजरेला ते इतर पर्यटकांपेक्षा अधिक दिसेल. मात्र दक्षिणेकडील श्वायगेनपासून उत्तरेकडील बोकेनहाइमपर्यंतचे सुमारे ८५ किलोमीटर एका दिवसात गाठण्याचा बेत सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण गाडीतून गावांच्या पाट्या तेवढ्या दिसतात, बागा दिसत नाहीत. मानहाइमहून लोकल गाडीने साधारण अर्ध्या तासात नॉयश्टाटला पोहोचावे, तेथे बाड ड्युर्कहाइमकडे जाणाऱ्या गाडीत बसून डायडेसहाइमला उतरावे आणि बागांमधल्या वाटेने शेजारच्या फोर्स्ट गावापर्यंत पायी जावे. अंतर दोनेक किलोमीटर आहे.

या वाटेवर आपल्याला ओळखीचे आणि अनोळखी असे दोन्ही भेटेल. आपल्याकडे एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर फळासाठी गोडी छाटणी असे वर्षाचे चक्र चालते. तेथे वेल थंडीत पाने गाळून झोपी जातो आणि छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात होते. मांडव दिसणार नाही, तारांवर उभ्या बांधलेल्या सरळ रांगा दिसतील आणि हंगाम असल्यामुळे रांगेवर स्वार होऊन घड झटकून घेणारी यंत्रेही पाहता येतील. कलमे तिथेही अमेरिकी खुंटांवरच, म्हणजे अमेरिकी वेलाच्या मुळांवरच, केलेली असतात. आपण डॉगरिज हा खुंट घेतो तो पाण्याच्या ताणासाठी आणि खारट जमिनीसाठी, तर युरोपला खुंट घ्यावे लागले ते मुळे खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीमुळे, जिने एकोणिसाव्या शतकात तेथील बागा उद्ध्वस्त केल्या होत्या. फोर्स्टमधील काही बागांत काळा बेसॉल्ट आढळतो, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड. तो दिवसाची उष्णता धरून ठेवतो म्हणून पूर्वी शेतकरी तो खाणीतून आणून मुद्दाम बागेत पसरत असत. ही एक गोष्ट पाहण्यासाठीसुद्धा फोर्स्टला जावे.

वाइन न घेणाऱ्यांसाठी अनेक बागायतदार स्वतःच्या द्राक्षांचा ताजा रस विकतात; ‘ट्राउबेनझाफ्ट’ असे मागावे. ‘नॉयर वाइन’ या नावाने मिळणारा गढूळ, गोड रस मात्र अर्धवट आंबलेला असतो आणि त्यात मद्यार्क असतो. त्याच्यासोबत दिल्या जाणाऱ्या कांदा घालून भाजलेल्या खाऱ्या केकमध्ये बहुधा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नये. उकडलेले बटाटे आणि ताजे मऊ चीज हा तिथल्या घरचा साधा पदार्थ आपल्याला चालेल.

बाड ड्युर्कहाइम येथे सप्टेंबरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवार-रविवारी ‘वुर्स्टमार्क्ट’ ही प्रचंड जत्रा भरते, त्यामुळे गर्दी नको असल्यास तिथे जाण्यासाठी मधला बुधवार किंवा गुरुवार निवडावा. वेळ उरल्यास नॉयश्टाटजवळचा हांबाखचा किल्ला पाहावा. १८३२ मध्ये तेथे हजारो लोकांनी काळा-लाल-सोनेरी झेंडा घेऊन स्वातंत्र्य आणि एकीची मागणी केली होती.

प्रश्न : हा रस्ता मध्ययुगीन आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. त्या भागात द्राक्षशेती रोमन काळापासून आहे, परंतु रस्त्याला हे नाव १९ ऑक्टोबर १९३५ रोजी नाझी राजवटीत दिले गेले. १९३४ मध्ये भरघोस पीक आले होते, पण वाइनच्या व्यापारात मोठा वाटा असलेल्या ज्यू व्यापाऱ्यांना त्याच राजवटीने हुसकावणे सुरू केले होते, आणि पडून राहिलेला माल खपवण्यासाठी पर्यटकांना बागांपर्यंत आणण्याची ही योजना आखली गेली. श्वायगेनची दगडी वेस १९३६ मधली आहे. आज ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी हा रस्ता मोटारींसाठी बंद ठेवून सायकलस्वारांना आणि पादचाऱ्यांना मोकळा दिला जातो, आणि ज्यांना तारखा जुळवता येतील त्यांनी त्याच दिवशी जावे.